गाडीच्या छपरावर की घडीचे पॅनल?

महाराष्ट्राने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पनवेलच्या ओव्याहून मे महिन्यात अशा गाडीने सहकुटुंब कोकणात उतरायचे, तर दादीचे इन्सुलिनही सोबत येते. न उघडलेल्या कुप्या दोन ते आठ अंशांत ठेवाव्या लागतात, आणि गोठूनही चालत नाही. छोटा फ्रिज, दिवे, पंखा एवढ्यापुरती सौरवीज पुरते, एसी विसरा.

आमचा कल छपराकडे. मेच्या मध्याला पनवेलवर दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे आडवे पॅनल फारसे काही गमावत नाही. गाडी धावतानाही बॅटरी भरत राहते. डिसेंबरात मात्र किरणे तिरपी. भर दुपारीही सुमारे पाव वीज कमी. पॅनल तापले की वीज घटते, म्हणून त्याच्याखाली हवा खेळायला जागा सोडून घ्या.

खरी अडचण आंब्याखालच्या मुक्कामाची. मुलांना सावली हवी, पॅनलला ऊन! अशा वेळी घडीचे पॅनल लांब वायरीने उन्हात मांडून सूर्याकडे कलते करता येते. नमाजला जाताना तेवढे आत घ्यावे. उचलून नेणारेही असतात. दादी सोबत असेल तर छपरावरच्या पॅनलला जोड म्हणून हे एक घ्याच. पावसाळ्यात दोन्हींवर विसंबू नका, मुक्कामी घरच्या विजेवर फ्रिज लावा.