चमकणारा कण आणि त्याचे कवच

'क्यूएलईडी' किंवा 'क्वांटम डॉट' लिहिलेला टीव्ही भंगारात येतो, तेव्हा पडद्यामागची प्लॅस्टिकची पातळ फिल्म आपण फेकतो, कधी जाळतो. बऱ्याचदा त्या फिल्ममध्येच अर्धवाहक पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर हे कण त्यातल्या जेमतेम दोन ते सात भागांएवढे. निळा प्रकाश पडला की लहान कण हिरवा आणि मोठा कण लाल प्रकाश देतो. या कणांच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल बावेंडी, ब्रुस आणि येकिमॉव्ह यांना मिळाले.

आपल्या आरोग्याशी संबंध येतो तो कणाच्या पृष्ठभागाचा. गुळाचा खडा कुटला की तो लवकर विरघळतो, कारण पाणी जास्त जागी लागते. इथेही तसेच. कण इतका लहान, की त्यातले पुष्कळ अणू पृष्ठभागावरच असतात. आतल्या अणूचे सगळे हात शेजाऱ्यांनी धरलेले असतात. बाहेरच्या अणूचे काही हात मोकळे राहतात. तिथे हवेतला ऑक्सिजन चिकटतो, चमक जाते आणि कण झिजू लागतो. म्हणून त्यावर झिंक सल्फाइडचे कवच चढवतात, आणि त्याभोवती स्निग्ध रेणूंचा थर. शेंगदाणा तेलातले ओलिक आम्ल त्यासाठी वापरतात.

काही कणांच्या गाभ्यात कॅडमियम असते. अमेरिकेत २००४ साली यकृताच्या पेशींवर प्रयोग झाला. उघड्या कणांवर हवेचा किंवा अतिनील किरणांचा परिणाम झाला, की कॅडमियम सुटून पेशी मरत होत्या. कवच असले की धोका बराच कमी झाला. आता अनेक टीव्हींमध्ये कॅडमियमऐवजी इंडियम फॉस्फाइड असते. पण भंगारातल्या टीव्हीत काय आहे, हे बघून ओळखता येत नाही.

कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठते, हाडे ठिसूळ करते. जपानमध्ये जिंझू नदीत खाणीचे कॅडमियम मिसळले, भातात उतरले आणि गावकऱ्यांची हाडे मोडू लागली. त्या आजाराचे नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'.

घरात चालू असलेल्या टीव्हीला घाबरू नका. त्यातले कण फिल्ममध्ये बंद असतात. आम्ही सांगतो ते एवढेच:

• फिल्म जाळू नका, कापू नका, मुलांच्या हाती देऊ नका. ती वेगळी ठेवून ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.
• भंगाराचे काम झाल्यावर साबणाने हात धुऊनच जेवा.
• विडी-तंबाखूतही कॅडमियम असते. ती सोडलेली बरी.
• जळत्या भंगाराचा धूर छातीत गेल्यावर ताप, खोकला किंवा धाप लागली, तर लगेच दवाखान्यात जा आणि काय जाळले होते ते डॉक्टरांना सांगा.