भरतीची वाट अडली : नेरूळच्या तलावाचे एक दशक

नवी मुंबईतील नेरूळच्या सुमारे ३० एकरांच्या डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य शासनाने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. तथापि तलाव कोरडा पडून पक्षी दगावल्यानंतर आलेल्या या निर्णयाचे निखळ समाधान मानता येत नाही. खाडीकाठचा तलाव आटवण्यासाठी पाणी उपसावे लागत नाही, भरतीची वाट बंद केली तरी पुरते, आणि म्हणूनच असा ऱ्हास कोणाच्याही लेखी निर्णयाविना घडू शकतो.

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या आणि भातखाचरे, मिठागरे व खाजणे (म्हणजे खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनी) भरावाखाली गेली. हा इतिहास सर्वपरिचित आहे.

त्यानंतरचे, २०१५ पासूनचे दशक मात्र अधिक वेदनादायक आहे, कारण या काळात अज्ञानाची सबब उरली नव्हती. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी रोहित अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये या खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर स्थळाचा, दर्जा मिळाला. रोहित, अर्थात फ्लेमिंगो, ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्यांवर चोच उलटी बुडवून सूक्ष्म शैवाल गाळून खातात. भरतीत हे पट्टे बुडाले की त्यांना विसाव्यासाठी उथळ पाणी लागते, आणि नेरूळचे तलाव नेमकी हीच गरज भागवतात. अभयारण्य राखायचे आणि भरतीच्या वेळचा आसरा मोडायचा, हे धोरण म्हणूनच मुळात विसंगत होते.

नेरूळच्या प्रवासी जेटीच्या बांधकामात डीपीएस तलावाकडे येणाऱ्या पाण्याचा मुख्य मार्ग गाडला गेला, इतर वाटाही बुजल्या, आणि एप्रिल २०२४ मध्ये कोरड्या पडलेल्या तलावाच्या परिसरात अनेक रोहित मृत वा जखमी अवस्थेत आढळले. ज्या शहराने या पक्ष्याच्या नावाने स्वतःची ओळख मिरवली, त्याच शहरात त्याला उभे राहण्यापुरते पाणी उरले नाही. शेजाऱ्यांचे नुकसानही लहान नव्हते : हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गुलाबी थव्यांनी भरणारे पाणी त्यांच्या नित्य जीवनातून नाहीसे झाले, आणि जे काम संबंधित यंत्रणांचे होते, त्यासाठी निवेदने देण्याची व मानवी साखळ्या उभारण्याची वेळ त्यांच्यावर आली. जूनमध्ये पाण्याच्या वाटा मोकळ्या करण्यात आल्या, परंतु पुढे प्रवाह पुन्हा मंदावला आणि साचलेल्या पाण्यावर शेवाळाचे थर चढले.

संवर्धन राखीव क्षेत्र ही वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेली तरतूद असून, तिच्यानुसार अभयारण्यांलगतच्या शासकीय मालकीच्या जमिनींना स्थानिकांशी विचारविनिमय करून संरक्षण देता येते. तथापि नकाशावर आखलेली सीमा पाणी आत आणत नाही. तलावाइतकेच संरक्षण त्याच्या प्रवाहमार्गांना मिळाले पाहिजे, ते मोकळे ठेवण्याची जबाबदारी एकाच यंत्रणेवर निश्चित झाली पाहिजे, आणि ती पाळली जाते की नाही हे तपासण्याचा अधिकार काठावरच्या रहिवाशांना असला पाहिजे. त्याशिवाय हा दर्जा कागदावरच राहील.