बिदरच्या बाजारात आलेला रशियन व्यापारी



भारताकडे येणारा सागरी मार्ग कोणी शोधला, असे आम्ही वर्गात विचारले की सगळे हात वर होतात. उत्तर येते, 'वास्को द गामा, १४९८.' पण त्याच्या सुमारे पंचवीस वर्षे आधी एक रशियन व्यापारी आपल्या शेजारच्या बिदरला येऊन राहिला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचे नाव अफनासी निकितिन.

रशियातील त्वेर गावचा हा रहिवासी. इराण, होर्मुझ असा प्रवास करीत तो जहाजाने कोकणातील चौल बंदरात उतरला. सोबत विकण्यासाठी एक घोडा होता. बहामनी फौजेला अरबस्तान-इराणचे घोडे लागत, म्हणून त्यांना इकडे चांगली किंमत येई. पण जुन्नरला तेथील सरदाराने घोडा जप्त केला आणि 'धर्म बदल, तर परत देतो' असे सांगितले. तेव्हा खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला.

पुढे तो बहामनी राजधानी बिदरला आला. इराणहून व्यापारासाठी आलेला महमूद गावान त्या वेळी तेथे वजीर होता. आपल्या जवळच्या आळंदच्या जत्रेचेही वर्णन निकितिनने केले आहे. तेथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत, असे तो लिहितो. सरदार श्रीमंत आणि खेड्यातली माणसे अतिशय गरीब, हेही त्याने स्पष्ट लिहून ठेवले.

व्यापारात त्याला फारसा लाभ झाला नाही. आपल्या देशाला उपयोगी माल येथे नाही, जकात भारी आणि समुद्रात लुटारू, अशी त्याची तक्रार आहे. मग त्याने मिळवले काय? बिदरमध्ये त्याने आपला खरा धर्म हिंदू परिचितांना सांगितला. त्यानंतर त्यांनीही आपले खाणेपिणे, पूजा, व्यवहार त्याच्यापासून लपवले नाहीत. परतीच्या वाटेवर, घरी पोहोचण्यापूर्वीच त्याचे निधन झाले. मागे राहिली ती 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' म्हणून ओळखली जाणारी त्याची वही.

माल बाजारात विकला जातो, परंतु एकमेकांची ओळख विश्वासाने होते. आपल्या बसवकल्याणात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी मुले शेजारी-शेजारी राहतात. शेजाऱ्याच्या घरचा सण, जेवण, भाषा आपण किती जाणतो? या सुट्टीत प्रत्येकाने त्यावर एक पान लिहून आणावे. आम्ही ते आवडीने वाचू.