बोटांना कळणारे अंतर

लग्नात अंतरपाट एकदाच धरला जातो आणि एकदाच दूर होतो. शेवटचे ‘सावधान’ म्हणून होते, वाजंत्री सुरू होते, अक्षता उडतात आणि त्या दोन सेकंदांत वधूवर एकमेकांकडे पाहतात. फोटोवाल्याला ते दोन सेकंद मिळाले तर मिळाले. ‘भटजी, जरा पुन्हा पाट धरा’ असे म्हणायची सोय नाही. आजचा कॅमेरा समोरचा चेहरा, चेहऱ्यातला डोळासुद्धा आपणहून ओळखतो. पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हे काम करायला आपल्याकडच्या बहुतेक फोटोवाल्यांजवळ एकच यंत्रणा होती. ती म्हणजे डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे.

माझे मामा कल्याणचे. १९७४ पासून त्यांचा छोटासा स्टुडिओ होता आणि कल्याण, डोंबिवली, ठाणे असा लग्नांचा फिरता व्यवसाय. मंगलाष्टके रंगात आलेली असताना ते कॅमेऱ्यातून बघतच नसत. लेन्सवरची रिंग साडेतीन मीटरच्या आकड्यावर आणून ते पावलांनी अंतर मोजत आणि भिंतीसारखे उभे राहत. त्यामागे हिशेब होता. फ्लॅशची ताकद एका आकड्यात सांगतात. १०० च्या रोलवर तो आकडा २८ असला, तर त्याला साडेतीनने भागायचे. उत्तर आठ, लेन्सचे छिद्र आठवर ठेवायचे. म्हणजे रिंगवरचे अंतर फोटो स्पष्ट यावा म्हणून तर हवेच, पण उजेड किती घ्यायचा हेही तेच ठरवणार. पन्नास मिलिमीटरची लेन्स अशी लावली की पावणेतीन मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळे स्वच्छ येते. वधूची मुंडावळी आली, मागे उभी असलेली करवली आली, आणि मामा जागचे हललेले नाहीत!

आता ही रिंग नेमके काय करते ते पाहू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. रिंग फिरवली की आतल्या आट्यांवरून भिंगे पुढे-मागे सरकतात, बरणीचे झाकण फिरवावे तशी. पन्नासच्या लेन्सला अगदी दूरच्या डोंगरापासून दहा फुटांवरच्या माणसापर्यंत यायला एक मिलिमीटरसुद्धा सरकावे लागत नाही. पण दहा फुटांपासून दीड फुटापर्यंत यायचे तर आणखी सहा मिलिमीटरहून जास्त. म्हणून रिंगवर दूरचे आकडे दाटीवाटीने बसलेले असतात आणि जवळचे ऐसपैस पसरलेले. बारशाला पाळण्यातल्या बाळाचा फोटो घेताना मनगट चांगलेच फिरवावे लागते. गच्चीवरून मलंगगड घ्यायचा तर बोट नुसते टेकवायचे, की रिंग शेवटी ठक्कन थांबते. त्या थांब्यापाशी आकडा नसतो. आडवे पडलेले आठ असते, अनंताचे चिन्ह. लहानपणी मामांनी मला ते दाखवले तेव्हा, अनंत असे हाताने गाठता येते याचेच मला केवढे अप्रूप वाटले होते.

आणि मग तो स्पर्श. चांगली रिंग सैल नसते आणि घट्टही नसते. घट्टसर पाकात पळी फिरवावी तसा एक सारखा, मऊ विरोध बोटांना जाणवतो आणि सोडली तिथे रिंग थांबते. हे काम आट्यांत भरलेल्या ग्रीसचे. ग्रीस वाळले की रिंग जागोजाग अडते; पातळ झाले की हात सुटल्यासारखा पुढे जातो आणि त्यातले तेल छिद्राच्या पात्यांवर उतरून पाती चिकटतात. शिवाय कंपनीगणिक तऱ्हा निराळी. निकॉनची रिंग ज्या बाजूला फिरवल्यावर अनंत येते, त्याच्या उलट बाजूला कॅननची. दहा वर्षे एक वापरलेल्या माणसाच्या हातात दुसरी दिली, तर त्याची अवस्था डाव्या हाताने जेवायला बसवल्यासारखी होते. म्हणूनच जुने फोटोवाले एकमेकांचा कॅमेरा सहसा मागत नसत.

डोळ्यांनी फोकस करायची सोय अर्थात होतीच. कॅमेऱ्यातून पाहताना मध्यभागी एक वर्तुळ दिसे, आडवे चिरलेले. फोकस चुकलेला असेल तर भटजींचे नाक वर एकीकडे आणि मिशी खाली दुसरीकडे. रिंग फिरवत नाक-मिशी एका रेषेत आणली की झाले. मात्र लेन्स मंद असली किंवा मांडवात उजेड कमी पडला की त्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडे. अशा वेळी बोटांवरच भिस्त.

डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे जमणारी गर्दी वाचकांनी पाहिलेली असेल, निदान ऐकलेली तरी. १९९९ पासून पाडव्याला निघणारी नववर्ष स्वागतयात्राही डोंबिवलीचीच देणगी. ती पुढे गावोगाव पोहोचली. मला फोटोची हौस लागली ती या रस्त्यावर. नव्या साडीतल्या मैत्रिणी, अचानक भेटलेले वर्गमित्र, ढोलपथकात ताशा सावरणारी मुलगी: यांच्यापैकी कोणीही तुमच्या फोकससाठी थांबत नाही. इथे अठ्ठावीसची लेन्स, छिद्र आठवर, रिंग साडेतीन मीटरच्या जरा अलीकडे. मग साधारण साडेपाच फुटांपासून क्षितिजापर्यंत सगळे आपल्या खिशात. फोकस घरून करून निघायचा आणि रस्त्यावर फक्त माणसे बघायची. आजच्या कुठल्याही वेगवान कॅमेऱ्यापेक्षा ही रीत वेगवान आहे, कारण हिला ठरवायला वेळच लागत नाही. ठरवणे आधीच झालेले असते.

१९८५ साली मिनोल्टाचा ७००० बाजारात आला आणि फोकस करायचे काम मोटरकडे गेले. पाठोपाठ बाकीचेही आले. कॅननने १९८७ साली लेन्स बसवायचे तोंडच बदलले, त्यामुळे जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसेनात. निकॉनने १९५९ चे तोंड सांभाळले, अटी-शर्तींसह का होईना. पण खरा बदल रिंगमध्ये झाला. इवल्याशा मोटरला जड ग्रीस आणि लांब फेरा परवडेना. म्हणून फेरा आखूड झाला, रिंग हलकी, कधीकधी चक्क खुळखुळती झाली. पुढे तर बऱ्याच लेन्समध्ये रिंगचा भिंगांशी थेट संबंधच उरला नाही. ती फिरवली की आतल्या मोटरला फक्त निरोप जातो. जोरात फिरवली तर भिंगे जास्त सरकतात, हळू फिरवली तर कमी. आणि अनंताचा तो ठक्कन थांबा बहुतेकदा गायबच.

याचा अर्थ जुने तेवढे सोने, असे मी म्हणणार नाही. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली तिथे अभयारण्य जाहीर झाले, २०२२ साली खाडी रामसर यादीत गेली. उडत्या थव्याचा फोटो हाताने फोकस करून घेणाऱ्यांना मी पाहिले आहे. रोलमागे एखादी चौकट लागली तर ते घरी पेढे वाटत. आज हौशी मुलगाही उडत्या पक्ष्याचा डोळा अचूक टिपतो. तिथे बोटांनी हार मानलेलीच बरी.

पण जिथे चित्र हलते, तिथे बोटे अजून नोकरीत आहेत. घोडबंदर रोडला मालिकांचे चित्रीकरण चालते. अशा ठिकाणी कॅमेऱ्यापाशी फोकस सांभाळणारा एक वेगळा माणूस असतो. तो आधी टेपने अंतरे मोजतो, खुणा करतो, आणि सासू दारातून पलंगापर्यंत येईतो रिंग तिच्या चालीने फिरवत राहतो. सासू बोलत असताना नजर सुनेकडे कधी वळवायची, हे यंत्राने कसे ठरवावे? त्यामुळेच लग्नाची फिल्म करणारी नवी मुले जुन्या लेन्स शोधत फोर्टातल्या बोरा बाजारात हिंडतात. एके काळी झेनिट या रशियन कॅमेऱ्याबरोबर येणारी, अठ्ठावन्न मिलिमीटरची हेलिओस हीही त्यांच्या लाडाची. मधे एक जोडकडी घातली की ती नव्या कॅमेऱ्याला बसते.

मामांची नात त्यांतलीच. २६ जुलै २००५ च्या पुरात मामांच्या दुकानात कमरेइतके पाणी आले आणि स्टुडिओ बंद झाला तो झालाच. पन्नासची लेन्स वरच्या फळीवर होती म्हणून वाचली, पण नंतर चामड्याच्या पाकिटात राहिली. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला चामड्याच्या पाकिटाइतका शत्रू नाही. ते ओल धरून ठेवते. जुने लोक कपाटात मंद दिवा लावून ठेवत, ते काही उगाच नाही. नातीने पाकीट उघडले तेव्हा भिंगावर बुरशीची कोळिष्टके होती आणि रिंग दगडासारखी बसलेली.

ती उघडून देणारा कारागीर शोधायला आम्हाला दोन महिने लागले. आट्यांना सुरुवातीची तोंडे अनेक असतात. उघडताना ते कुठल्या खुणेवर सुटले हे टिपून ठेवले नाही आणि परत जोडताना भलत्याच तोंडात बसले, तर रिंग सुरेख फिरते, पण अनंत काही येत नाही. बोरा बाजारात एका जिन्याखाली बसणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी ते काम हातात घेतले. बुरशी निघाली, काचेवरच्या लेपाला तिने पाडलेला एक पुसटसा डाग तेवढा राहिला. “माझ्यानंतर इथं कोण उघडणार हे?” एवढेच ते पैसे घेताना म्हणाले. नातीने त्यांच्याकडून खुणा कशा करायच्या ते वहीत उतरवून घेतले आहे आणि एक मोडकी लेन्सही मागून आणली आहे, उघडून बघायला.

मामा आता ब्याऐंशीचे आहेत. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झाली आहेत. लेन्स त्यांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवली, अनंतापाशी ठक्कन थांबवली.

“ग्रीस जाड घातलंय रे,” ते म्हणाले. “थंडीत अडेल.”

“मामा, आपल्याकडे थंडी पडते कुठे?”

“पडते. माघातल्या लग्नांना पहाटेचा मुहूर्त असतो,” असे म्हणून त्यांनी लेन्स नातीकडे दिली आणि पहिल्यांदा तिला रिंग कोणत्या बोटांनी धरायची ते दाखवायला लागले.