पावसाळी सवलतीतला समुद्रकिनारा

कर्जत, नेरळ, खोपोली या बाजारपेठांतील दुकानदाराचे वर्ष ठरलेले असते. दिवाळी सरली की लग्नसराई, ती उरकते न उरकते तोच वह्या-दप्तरांची आणि छत्र्यांची खरेदी. मग आषाढात गल्ल्यावर बसून रस्त्यावरचे पाणी पाहण्याखेरीज फारसे काम उरत नाही. कुटुंबाला चार दिवस बाहेर नेण्याची खरी सवड हीच. नेमक्या याच दिवसांत फुकेत आणि मालदीवच्या सहलींचे दर उतरतात. व्यापाऱ्याचे मन भाव पाहून हलावे, यात नवल नाही. पण ठोक बाजारात माल स्वस्त दिसला की ‘का?’ असे प्रथम विचारणारा गृहस्थ सहलीच्या बाबतीत हा प्रश्न क्वचितच विचारतो.

उत्तर त्याच्या दारातच असते. माथेरानच्या डोंगराला धडकणारा नैर्ऋत्य मोसमी वारा पुढे अंदमानच्या समुद्रावरून फुकेतलाही पोचतो. तेथे त्याचा मुक्काम साधारण मे ते ऑक्टोबर. पातोंग, करोन, काता हे नावाजलेले किनारे पश्चिमाभिमुख असल्याने वारा थेट त्यांच्या अंगावर येतो. फुकेतला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरहून थोडा अधिक पाऊस पडतो. कर्जत-खालापूरकरांच्या मानाने तो कमीच. म्हणूनच ‘पावसाचे काय, आपण पावसातच वाढलो’ असे म्हणत तिकिटे काढली जातात.

हिशेब येथे चुकतो. रायगड जिल्ह्याला समुद्र असला तरी या दोन तालुक्यांना किनारा नाही. त्यामुळे येथील माणूस हवामान जोखतो ते आभाळाकडे पाहून. परक्या किनाऱ्यावर सहल बिघडते ती मात्र खवळलेल्या पाण्यामुळे. आभाळ तासभर मोकळे झाले, ऊन पडले, तरी वाळूवर लाल निशाण फडकतच असते. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद वाटेने वेगाने आत ओढले जाते आणि त्या ओढीपुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. अशा ओढीत सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे झुंजत न येता आधी किनाऱ्याला समांतर पोहून तिच्याबाहेर पडावे लागते. विहिरीत पोहायला शिकलेल्याला हे कोणी सांगितलेले नसते. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ ‘फिनिक्स’ ही पर्यटकांची बोट वादळी लाटांत बुडाली आणि ४७ चिनी प्रवासी मृत्युमुखी पडले. खराब हवामानाचा इशारा आधीच दिलेला होता.

सिमिलान बेटांचे राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंद असते. फी फी बेटांवरील माया खाडी अलीकडे ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये बंद ठेवली जाते. नेरळ-माथेरानची छोटी गाडी जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते (अमन लॉजची फेरी तेवढी चालते), आणि मांडव्याच्या लाँचही पावसाळ्यात थांबतात. भिवपुरीच्या आणि खोपोलीच्या धबधब्यांवर पावसाळ्यात बंदीहुकूम निघतात. ते मोडणाऱ्या मुंबईकरांना नावे ठेवणारी मंडळीच परदेशात लाल निशाण पाहून ‘गुडघाभर पाण्यात काय होते’ म्हणतात, हे जरा गमतीचेच. कोकणातील बंदरांतून गलबते फिरत तेव्हा व्यापारी नारळी पौर्णिमेपूर्वी माल समुद्रावर घालीत नसत.

जैन घरांत आणखी एक गोष्ट असते. साधू-साध्वी चातुर्मासात एका गावी स्थिर राहतात. गृहस्थाला तसे बंधन नसले तरी अनेक घरांत या काळात दूरचा प्रवास टळतो आणि हिरव्या भाज्याही वर्ज्य होतात. जे निघतात, त्यांच्याजवळ खाखरे-ठेपल्यांचा डबा असतो. बाहेर मुसळधार पाऊस, चौविहारामुळे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे आणि कंदमुळाविना स्वयंपाक मिळणारे भोजनालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, अशा दिवशी तोच डबा कामी येतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर हॉटेलच्या खोलीतले दोन दिवस फार मोठे होतात.

पैशाचे काय? परदेश प्रवासाचा विमा घेतलेला असतो, म्हणून घरची मंडळी निश्चिंत असतात. हा विमा आजारपण, सामान वा पारपत्र हरवणे, ठरावीक तासांपलीकडे विमान रखडणे, तसेच पत्रकात नमूद केलेल्या कारणांनी प्रवास रद्द होणे यांसाठी असतो. पाऊस लागला आणि मन हिरमुसले, याची भरपाई त्यात नसते. वादळाचे नाव जाहीर झाल्यावर घेतलेला विमा सहसा त्या वादळापुरता उपयोगी पडत नाही. बोटीची फेरी हवामानामुळे रद्द झाल्यास पैसे परत मिळणार की दुसरी तारीख, हे यात्रा कंपनीकडून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी घ्यावे. भरल्यानंतर तोंडी आश्वासनाला फारसा अर्थ राहत नाही.

कधीकधी ऋतूचा हिशेब बरोबर असूनही फसगत होते. १६ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीत अल ऐन भागात २४ तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला. खालापूरच्या माणसाला हा आकडा आषाढातल्या एखाद्या दिवसाचा वाटेल. तेथे पाऊण शतकात एवढा पाऊस नोंदला गेला नव्हता. दुबईचा विमानतळ पाण्याखाली गेला, हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. अशा आपत्तीपुढे इलाज नाही. पण ज्यांची सवड जून ते ऑगस्ट हीच आहे, त्यांच्यासाठी विषुववृत्ताच्या दक्षिणेचा बाली आहे. तेथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा ऋतू असतो. मॉरिशसला त्या काळात थंडीचे, तुलनेने कोरडे दिवस असतात. तेथील चक्रीवादळांचे दिवस प्रामुख्याने जानेवारी ते मार्च. १५ जानेवारी २०२४ रोजी ‘बेलाल’ वादळाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून नेल्या.

दिवाळीनंतर निघणाऱ्यांनी थायलंडचा नकाशा नीट पाहावा. पूर्वेकडील सामुई बेटावर ऑक्टोबर ते डिसेंबर हाच भर पावसाचा काळ. पश्चिमेकडे फुकेतला मात्र नोव्हेंबरपासून समुद्र निवळू लागतो, सिमिलानच्या बोटी पुन्हा सुटतात आणि सहलींचे दर चढतात.