गाडी पळते, पण पैसा उरतो का?

आज आपण ट्रकचा हिशेब मांडणार आहोत. घरचा एकच ट्रक आणि चालवणारा घरचाच माणूस, अशी घरं आपल्या परभणी जिल्ह्यात पुष्कळ आहेत. मानवत-सेलूचा कापूस, जिंतूरचं सोयाबीन, गोदाकाठचा ऊस, यांच्यामुळे दिवाळीपासून पुढचे काही महिने गाडीला काम असतं. पण त्या गाडीसाठी कधी गटातून कर्ज उचललेलं असतं, कधी जामीनदार म्हणून आपली सही असते, तर कधी अंगावरचं सोनं गहाण असतं. म्हणून स्टेअरिंग मालकांच्या हातात असलं तरी हिशेब आपल्यालाही यायला हवा.

बैठकीत आम्ही विचारतो, “ताई, या फेरीत काय उरलं?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “डिझेल जाऊन सहा हजार.” फसगत होते ती इथंच. डिझेल निघालं म्हणजे भाडं परवडलं, असं होत नाही.

गाडीचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक उभ्या गाडीचा आणि दुसरा पळत्या गाडीचा.

आधी उभ्या गाडीचा पाहू. गाडी दारात उभी असली तरी हा खर्च चुकत नाही. समजा, सहा टायरचा जुना ट्रक कर्जावर घेतला आहे. महिन्याचा हप्ता ३२,००० रुपये. विमा वर्षाला ६०,०००, म्हणजे महिन्याला ५,०००. टॅक्स, परमिट, पासिंग वगैरे वर्षाला ३६,०००, म्हणजे महिन्याला ३,०००. आणि चालवणाऱ्याचा पगार २०,०००. इथं बायका म्हणतात, “घरच्या माणसाला कसला पगार?” पण मालक आठ दिवस आजारी पडले तर बदली ड्रायव्हर फुकट येणार आहे का? आणि आपलं घर त्याच पगारावर चालतं ना? म्हणून तो धरायचाच. एकूण झाले ६०,०००. म्हणजे गाडी एक दिवस उभी राहिली की २,००० रुपये गेले.

आता पळत्या गाडीचा खर्च. परभणीहून वाशी मार्केट साधारण ५०० किलोमीटर धरू, म्हणजे जाऊन-येऊन १,०००. गाडी लिटरला ५ किलोमीटर देते असं धरलं, तर २०० लिटर डिझेल लागेल. ९५ रुपये दराने त्याचे झाले १९,०००. टोल आणि वाटखर्च ३,०००. टायरचे २,०००, कारण सहा टायरांना १,२०,००० लागतात आणि ते ६०,००० किलोमीटर चालतात असं धरलं, तर किलोमीटरला २ रुपये झिजतात. ऑइल आणि दुरुस्तीचे १,०००. फेरीचा खर्च झाला २५,०००.

हे आकडे समजुतीसाठी आहेत. तुमच्या गाडीचे आकडे तुम्ही घाला, रीत हीच राहील.

आता दलाल म्हणाला, “वाशीचं भाडं २५,००० देतो.” डिझेल वजा केलं तर ६,००० उरल्यासारखे दिसतात. पण टोल, टायर आणि दुरुस्ती धरली की हाती शून्य येतं. गाडी रिकामी परत आली, तर अशा पंधरा फेऱ्या करूनही हप्त्याला एक रुपया निघणार नाही. सहा हजार दिसतात, कारण झिजलेला टायर आज पैसे मागत नाही. तो एकदम सहा टायरांचे मागतो, आणि मग आपण गटाकडे धावतो.

येताना कमिशन आणि हमाली जाऊन १२,००० चं रिटर्न भाडं मिळालं तर? एकूण भाडं ३७,०००. त्यातून २५,००० गेले, उरले १२,०००. महिन्याचा उभा खर्च ६०,०००. त्याला १२,००० नं भागा, उत्तर येतं ५. म्हणजे पाच फेऱ्या झाल्या की ना नफा, ना तोटा. सहाव्या फेरीचे १२,००० हा खरा नफा. पण रिटर्नसाठी वाशीला दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली, तर महिन्यात सहा फेऱ्या बसतील का, तेही पाहा.

पावसाळ्यात काम कमी असतं, तेव्हा काय करायचं? गाडी नुसतीच उभी असेल तर जाऊन-येऊन मिळून ३०,००० चं भाडंही घ्यावं. त्यातले ५,००० तरी हप्त्याला लागतील. पण २५,००० च्या खाली गेलं तर गाडी उभी ठेवलेली बरी. पळवली की तोटा वाढतो.

भाडं कमी म्हणून माल जास्त भरायचा, हा उपाय नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला. आता जादा मालाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहेत. दोन टन जास्त सापडले तर २४,००० गेले, म्हणजे दोन फेऱ्यांची शिल्लक गेली.

डिझेलवरही लक्ष ठेवा. जून २०१७ पासून दर रोज बदलू शकतात. लिटरला ५ रुपये वाढले तर आपल्या फेरीचा खर्च १,००० नं वाढतो. मग पाच फेऱ्यांत भागत नाही, सहाव्या फेरीतलाही काही भाग खर्चात जातो. आपल्याकडे इंधन महाग पडतं त्याचं एक कारण म्हणजे टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून लांबून येतात आणि ते भाडं दरात धरलेलं असतं. पंपावरचा दर वाहतूक धरून ठरतो, मग आपल्या भाड्यात आपला टायर आणि आपला पगार का नसावा?

गटाच्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आहे नियमित हिशेब. तीच सवय गाडीला लावू. एक वही घ्या. प्रत्येक फेरीला तारीख, जातानाचे आणि येतानाचे किलोमीटर, डिझेल, टोल, हातात आलेलं भाडं आणि बाकी राहिलेलं भाडं लिहा. उधारीवरचं भाडं जमा झाल्याशिवाय कमाईत धरू नका. टायर-दुरुस्तीचे ३,००० दर फेरीला बाजूला काढा. हप्ते संपले तरी ती रक्कम थोडी थोडी साठवत राहा, कारण गाडी म्हातारी होतच असते.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी दोन आकडे काढून आणा: आपली गाडी एक दिवस उभी राहिली तर किती जातात, आणि एका फेरीला किती लागतात. दलालाचा फोन येण्याआधी हे दोन आकडे मालकांना पाठ असले पाहिजेत.