जुन्या पिकअपला जादा पाटे टाकण्याआधी एवढं बघा

नारायणगाव : टोमॅटोचा हंगाम तोंडावर आला की आपल्याकडे दोन दारांत गर्दी होते, एक क्रेटवाल्याच्या आणि दुसरी पाटेवाल्याच्या. जुनी पिकअप मागून बसलेली असते, भरली की डुलते, म्हणून मालक सरळ सांगतो, "दोन-दोन पाटे वाढव." मीपण दोन वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं. त्याची किंमत गेल्या हंगामात अणे घाटात कळाली.

माझी गाडी जुन्या जीपच्या घाटणीची. पुढे पाटे, मागे पाटे, वय वीसच्या पुढे. त्या दिवशी साठ क्रेट भरून पठारावरनं खाली बेल्ह्याकडे उतरत होतो. पुतण्या चालवत होता. एका वळणाला गाडी बाहेरच्या अंगाला झुकली, सरळ होताना उलट्या अंगाला गेली, पुन्हा इकडं आली. दोर सरकला आणि चार क्रेट रस्त्यावर. मागे मोटारसायकलवर नवरा-बायको आणि मधे लहान पोर होतं. त्यांनी ब्रेक मारला म्हणून वाचले. टोमॅटोचा चिखल बघत पुतण्या म्हणाला, "काका, स्टेअरिंग माझ्या हातात नव्हतंच." ते खरं होतं.

नंतर आळेफाट्याच्या बाजूला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली. जादा पाटे टाकल्याचं मी अभिमानानं सांगितलं. तो म्हणाला, "ओ पत्रकार, पोट दुखतंय आणि तुम्ही डोक्याला बाम चोळलाय." त्यानं जे दाखवलं ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून लिहितोय.

आधी कोणाचं काम काय ते समजून घेऊ. वजन पेलतात ते पाटे. शॉकअप वजन पेलत नाही. पाटा एकदा दबला की परत उसळतो, पुन्हा दबतो, ते हेलकावे शॉकअपनं मारायचे असतात. पाट्याची टोकं चासीला धरतात ती बुश आणि शॅकल. आणि पाटा ॲक्सलला आवळून धरतो तो यू-बोल्ट. गाडी डुलते तेव्हा दोष बहुतेक वेळा शॉकअप, बुश किंवा सैल यू-बोल्टचा असतो, आणि आपण पैसे घालतो पाट्यात.

माझ्या गाडीत काय निघालं? मागचा एक शॉकअप तेलानं ओला. दुसरा कोरडा होता, पण खराब रस्त्यावर फेरी मारून आल्यावर हात लावला तर गार. चालू शॉकअप कामानं कोमट होतो, मेलेला गारच राहतो. ही परीक्षा कुणालाही करता येते, फक्त सायलेन्सरला हात लावू नका. शॅकलचे बुश खाऊन गेलेले, पहार घालून हलवलं की पाटा आडवा हलत होता. आणि उजव्या बाजूचा दोन नंबरचा पाटा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटलेला. वरनं दिसत नव्हता, कारण तो यू-बोल्टच्या खाली दाबलेला. जादा पाट्यांमुळे गाडी उभी दिसायची, म्हणून तुटलेला पाटा दोन वर्षं झाकला गेला. यू-बोल्ट ढिला राहिला की पाटा नेमका तिथंच तुटतो.

घरी बघायचं असेल तर सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूला टेप लावा. एक बाजू बसलेली असेल तर तिथं पाटा गेलाय. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. त्यात फरक आला तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकलेला असू शकतो. अशी गाडी मागनं बघितली की तिरकी पळताना दिसते.

आता जादा पाट्याचं. तो वाईटच असं नाही. पण त्यानं काय काय बदलतं ते कुणी सांगत नाही. पहिलं, रिकामी गाडी मागनं टणाटण उडते. उडालेलं चाक रस्ता धरत नाही, मग पावसात ब्रेक मारला की मागचं बूड सरकतं. आपली पिकअप अर्धा वेळ रिकामीच पळते, हे विसरू नका.

दुसरं, मागची बाजू उचलली की चासी नाकावर झुकते. सायकलचा चिमटा वरच्या बाजूला मागे कललेला असतो, तसा पुढच्या ॲक्सलचा किंगपिनही थोडा मागे कललेला असतो. त्या कलामुळे वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं. गाडी नाकावर आली की तो कल कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही भटकते. पुतण्याच्या हातात स्टेअरिंग राहिलं नाही, त्यात हाही वाटा होता. पुढे पाटे असलेल्या गाडीत पाटा आणि ॲक्सलच्या मधे उताराची पाचर बसवून हा कल दुरुस्त करता येतो, पण अलाइनमेंटच्या मशिनवर मोजूनच, अंदाजानं नाही.

तिसरं, काही पिकअपला मागच्या ॲक्सलपासून चासीपर्यंत एक छोटी दांडी असते, ती ब्रेकच्या व्हॉल्व्हला जोडलेली. गाडी किती दबली त्यावरनं तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जोर सोडतो. जादा पाट्यानं गाडी उंच राहिली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो, तोही घाटात. अशा गाडीचे पाटे बदलले तर ती दांडी पुन्हा सेट करून घेतलीच पाहिजे.

मग केलं काय? जादा पाटे काढले. मागचा पूर्ण संच कंपनीच्या मापाचा नवीन टाकला. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करून देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. स्प्रिंगचं पोलाद पाणी दिलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेनं ते पाणी जातं आणि पाटा शेजारीच तुटतो. भट्टीत लाल करून कमान दिलेला पाटाही, पुन्हा नीट पाणी दिलं नाही तर, हंगामभरात बसतो.

शॉकअप चारही बदलले, गॅस भरलेले घेतले. साध्या शॉकअपमधलं तेल खडबडीत रस्त्यावर फेसाळतं आणि जोर सोडतं, गॅसवाल्यात ते कमी होतं. लांबी मात्र मूळ मापाची बघा. जोडीतला एकच बदलू नका.

बुश रबराचेच घेतले. पीयूचे जास्त टिकतात, पण कडक असतात, हादरे चासीला देतात. रबरी बुशचा बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचा आवळायचा नाही. गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन पाट्यावर आल्यावर आवळायचा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मिस्त्रीकडे उभं राहून हे करून घ्या. पावसाळ्याआधी पाट्यांना जुनं ऑइल मारायची आपली पद्धत आहे, ते रबराला लागू देऊ नका, रबर फुगतं.

यू-बोल्ट नवीनच टाकले. भरलेली एक-दोन फेरी झाली की ते पुन्हा आवळावे लागतात. हे नव्वद टक्के लोक विसरतात, मीपण विसरलो होतो.

या सगळ्याच्या आधी टायरची हवा, टाय रॉडचे एंड, किंगपिन आणि चाकाचं बेअरिंग तपासा. ते ढिले असतील तर वर सांगितलेला खर्च पाण्यात. एका ॲक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन टायर ही आपली जुनी खोडही सोडा.

आणि वजन. पाटे वाढवले म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत नाही. एकूण वजनातनं रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, उरेल तेवढंच भरायचं. क्रेटसकट 22 किलो धरले तर टनाच्या गाडीत 45 क्रेट बसतात. जादा भरलेलं पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. क्रेटचा थर जेवढा उंच, तेवढी गाडी वळणावर जास्त झुकते. आणि माल मागच्या ॲक्सलच्या मागे लोंबला की पुढची चाकं हलकी होतात. भारी माल केबिनकडे ठेवा.

आता गाडी घाटात एकदा झुकते आणि तिथंच थांबते, हेलकावे घेत नाही. रिकामी असताना पहिल्यापेक्षा मऊ चालते. पुतण्याला मात्र पंचेचाळीस क्रेट कमी वाटतात, त्याला पन्नासची सवय. त्यावरनं आमचं दर हंगामाला वाजतं.